कार्ट निवडण्याआधी वही बघा

(लहान प्रकाशनं, नियतकालिकं आणि बचत गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी पुण्यात झालेल्या कार्यशाळेतील भाषणाचा संपादित मजकूर.)



मला दिलेला विषय असा आहे : आपल्या संस्थेची वेबसाइट आधीपासून आहे, त्यावर लेख येतात, आता तिथूनच पुस्तकं किंवा वस्तू विकायच्या आहेत, तर त्यासाठी कोणतं शॉपिंग कार्ट घ्यावं? मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, त्यामुळे मी एक नाव सांगावं आणि खाली बसावं, अशी तुमची अपेक्षा असणार. नाव मी सांगणार आहे, पण शेवटी. कारण असंच एक नाव मी बारा वर्षांपूर्वी झटकन सांगितलं होतं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

२०१३ सालची गोष्ट. इंजिनियरिंग होऊन मला दोन वर्षं झाली होती. ओळखीतल्या एका लहान प्रकाशनाची वेबसाइट होती, ड्रुपल ७ वर बनवलेली. महिन्याला चार-पाच लेख आणि तीस-पस्तीस पुस्तकांची यादी. पुस्तकांची विक्री एक निवृत्त शिक्षक बघायचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. वहीत सात रकाने : तारीख, नाव-पत्ता, पुस्तक, किंमत अधिक टपालखर्च, पैसे आले, पार्सल गेलं, पोच मिळाली. मनीऑर्डर येवो, बँकेत भरलेल्या पैशांची पावती येवो, सगळं त्या वहीत. मी म्हटलं, "चाचा, ही वही आता बंद करू. सगळं ऑनलाइन."

ड्रुपलवर तेव्हा उबरकार्ट नावाचं मॉड्यूल लोकप्रिय होतं. एका रात्रीत ते माझ्याकडून चालू झालं, म्हणून मी ते निवडलं. निवडीचं कारण एवढंच. पेमेंट गेटवेची जोडणी मी स्वतःच्या हाताने लिहिली. टपालाचे दर थेट कोडमध्ये टाकले. उद्घाटन झालं, पेढे वाटले, टाळ्या पडल्या.

मी काय बघितलं नव्हतं, ते सांगतो. उबरकार्टचा प्रमुख प्रोग्रामर रायन झ्रामा ते सोडून ड्रुपल कॉमर्स या नव्या प्रकल्पाकडे गेला होता आणि २०११ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्तीही आली होती. म्हणजे मी दुकान थाटलं तेव्हाच तो बाजार उठायला लागला होता. पुढे २०१५ मध्ये ड्रुपल ८ आलं. सातवरून आठवर जाणं म्हणजे बटण दाबून अद्ययावत करणं नव्हतं, घर पाडून पुन्हा बांधण्यासारखं होतं. ड्रुपल कॉमर्स त्या नव्या घरात गेलं, उबरकार्ट धडपणे पोचलंच नाही. २०१६ मध्ये मी नोकरी बदलून बेंगळुरूला गेलो. साइट होती तिथेच राहिली.

मग कधीतरी गेटवेने आपल्या बाजूला काही बदल केला आणि माझी जोडणी अर्धवट चालू लागली. अर्धवट म्हणजे कशी? ग्राहकाचे पैसे कापले जायचे, पण आपल्या साइटला ते कळायचं नाही. ऑर्डर 'पेंडिंग' दिसायची. चाचा समजायचे, कोणीतरी यादी चाळून परत गेलं. कोकणातल्या एका अंगणवाडी सेविकेने ६४० रुपयांची पुस्तकं मागवली होती. तिने महिनाभर वाट बघितली, मग फोन केला. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पैसे गेले, पुस्तकं आली नाहीत. तुमच्या नावावर विश्वास ठेवून पाठवले होते." चाचांनी दुसऱ्या दिवशी पार्सल टाकलं आणि हिशेब जुळेना म्हणून ६४० रुपये स्वतःच्या पेन्शनमधून भरले. मला हे आठ महिन्यांनी कळलं. का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाले, "बेटा, तू कामात असशील."

त्या बाईने फोन केला म्हणून कळलं. ज्यांनी केला नाही, असे किती होते, हे मला आजही माहीत नाही.

मोठ्या कंपनीचं पार्सल आलं नाही तर लोक कंपनीला शिव्या घालतात आणि पुढच्या आठवड्यात तिथूनच पुन्हा मागवतात. आपल्यासारख्यांचं तसं नसतं. आपल्याकडे भांडवल कमी, नाव तेवढं असतं. म्हणून मी आता निवडीचा प्रश्न उलटा विचारतो. कार्टमध्ये काय काय सोयी आहेत, हे नंतर बघू. आधी दोन गोष्टी : ते बिघडलं तर कार्यालयातल्या कोणाला कळेल आणि कोण सावरेल? आणि सोडून जायची वेळ आली तर आपण काय बरोबर घेऊन जाऊ शकू?

कार्ट म्हणजे चाचांची वही

कार्ट म्हटलं की आपल्याला टोपलीचं चित्र आठवतं. टोपली हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम त्या सात रकान्यांचं आहे. वस्तूची नोंद आणि शिल्लक, ग्राहकाचा पत्ता, टपालखर्च, कर, पैसे, पाठवणी, आणि या सगळ्याची नंतर सापडेल अशी नोंद. कुठलंही कार्ट समोर आलं की त्याला सात रकाने लावून बघा. यातला एकही रकाना तुमच्या माणसाला दिसत नसेल किंवा बदलता येत नसेल, तर ते कार्ट तुमच्या कामाचं नाही.

वाटा चार आहेत.

पहिली वाट, कार्टच न घेण्याची. महिन्याला पंधरा-वीस ऑर्डरी येत असतील तर साइटवर पुस्तकांची यादी, एक साधा फॉर्म आणि संस्थेच्या खात्याचा यूपीआय क्यूआर पुरतो. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर पडत नाही. पैसे आणि फॉर्म हाताने जुळवावे लागतात, हे खरं. पण पंधरा ऑर्डरी जुळवायला अर्धा तास लागतो, आणि बिघडण्यासारखं त्यात काही नसतं. इथे बसलेल्या निम्म्या संस्थांना आज एवढंच पुरेल, असं माझं प्रामाणिक मत आहे. लाज वाटायचं कारण नाही.

दुसरी वाट, आपल्या साइटच्या आतच बसणारं कार्ट. साइट वर्डप्रेसवर असेल तर वूकॉमर्स. ते २०११ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिकने विकत घेतलं. ड्रुपलवर असेल तर ड्रुपल कॉमर्स. जूमलावर असेल तर व्हर्च्युमार्ट किंवा हिकाशॉप. ही सगळी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहेत. लेख आणि पुस्तकं एकाच छताखाली राहतात : लेखाच्या तळाशी त्या लेखकाचं पुस्तक, तिथूनच खरेदी. माहिती तुमच्या डेटाबेसमध्ये, तुमच्या ताब्यात. पण घर तुमचं म्हणजे गळकं छप्परही तुमचंच. अपडेट, बॅकअप, सुरक्षा, सगळं तुम्ही बघायचं. मूळ सॉफ्टवेअर फुकट असलं तरी होस्टिंग, काही एक्स्टेंशन आणि देखभाल करणाऱ्याचा वेळ फुकट नसतो.

तिसरी वाट, भाड्याचं दुकान. शॉपिफाय, इक्विड वगैरे. साइट आहे तशी ठेवायची आणि त्यात 'विकत घ्या' हे बटण बसवायचं. सर्व्हर, सुरक्षा, अपडेट ही त्यांची डोकेदुखी. ज्या संस्थेत तांत्रिक माणूस अजिबात नाही, तिने या वाटेकडे नाक मुरडू नये. पण भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, विक्री होवो न होवो. शॉपिफायचा स्वतःचा गेटवे भारतात चालत नाही. बाहेरचा गेटवे जोडला की गेटवेची फी वेगळी आणि शॉपिफायचं शुल्क वेगळं, असं दोनदा कापलं जातं. नियम मालकाचे. खातं बंद झालं तर दाद मागायला जायचं कुठे, हे आधीच वाचून ठेवा.

चौथी वाट, साइटशेजारी वेगळं दुकान उभं करायचं : प्रेस्टाशॉप, ओपनकार्ट, मॅजेंटो. ही खास दुकानासाठी बनलेली सॉफ्टवेअर आहेत आणि हजारो वस्तू असतील तर शोभतात. तीस पुस्तकांसाठी दोन घरं सांभाळणं म्हणजे दोन घरांचे पासवर्ड, दोन घरांचे अपडेट. त्यात एक घर विसरलं जातं. विसरलेल्या घराचं काय होतं? मॅजेंटोच्या पहिल्या आवृत्तीचा आधार जून २०२० मध्ये संपला. त्याच वर्षी सप्टेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी जगभरातल्या जवळपास २,००० मॅजेंटो दुकानांत चोरांनी ग्राहकांच्या कार्डाची माहिती उचलणारा कोड घुसवला. त्यातली बहुतेक दुकानं त्याच जुन्या आवृत्तीवर होती.

म्हणून प्लगइन घेताना त्याची चकचकीत चित्रं नंतर बघा. शेवटचं अपडेट कधी झालं, सध्याच्या आवृत्तीवर तपासलं आहे का, वापरणाऱ्यांच्या तक्रारींना कोणी उत्तर देतं का, हे आधी. मी २०१३ मध्ये हे दहा मिनिटांचं काम केलं असतं, तर आज वेगळं भाषण केलं असतं.

पैसे : परतीच्या वाटेवर काय घडतं

आता त्या ६४० रुपयांकडे येतो, कारण ते कोणाच्याही बाबतीत घडू शकतं. ग्राहक पैसे भरायला गेटवेच्या पानावर जातो. पैसे भरून झाले की ब्राउझर त्याला परत आपल्या साइटवर आणतो. पण खेड्यात नेटवर्क जातं, यूपीआय ॲपमधून परत यायला माणूस विसरतो, मोबाइलची बॅटरी संपते. तो परतलाच नाही तर साइटला कळणार कसं? त्यासाठी वेबहुक असतो. ग्राहक परत येवो न येवो, गेटवेचा सर्व्हर थेट आपल्या सर्व्हरला निरोप देतो की पैसे मिळाले. हा निरोप नीट जोडलेला नसेल तर वूकॉमर्ससारखं कार्ट ठरलेल्या वेळेनंतर, शिल्लक सांभाळण्याची सोय चालू असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे ६० मिनिटांनी, न भरलेली ऑर्डर आपोआप रद्दही करतं. म्हणजे पैसे तुमच्या खात्याकडे निघालेले आणि ऑर्डर रद्द.

यासाठी एक चाचणी करा. एक रुपयाची वस्तू बनवा. स्वतः विकत घ्या. पैसे भरले की साइटवर परत न येता ब्राउझर बंद करा. पाच मिनिटांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बघा, ऑर्डर 'पैसे मिळाले' अशी दिसते का? दिसत नसेल तर दुकान उघडू नका. बनवून देणारा कितीही घाई करो.

आणखी एक. कार्ड नंबर आपल्या पानावर घ्यायच्या भानगडीत पडू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दुकानदाराला कार्डाचा तपशील साठवताच येत नाही. पैसे भरण्याचं पान गेटवेचंच राहू द्या. गेटवे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात. पुस्तकाची किंमत ठरवताना हे धरा.

कर आणि टपाल

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. पण त्याच दुकानात कापडी पिशवी किंवा डायरी ठेवली की तिच्यावर आहे. म्हणजे प्रत्येक वस्तूला वेगळा कर लावता आला पाहिजे. बचत गटांच्या ताईंनी आणि आपांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल लहान असली तरी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते, हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे. वेबसाइटला राज्याची सीमा नसते, पहिली ऑर्डर हैदराबादहूनही येऊ शकते. दुकान उघडण्याआधी सीएला गाठा, किंवा सुरुवातीला पाठवणी महाराष्ट्रापुरतीच ठेवा. चांगल्या कार्टमध्ये राज्य निवडून तशी मर्यादा घालता येते.

टपालखर्च हा सगळ्यात दुर्लक्षित रकाना. वजनानुसार दर लावायची सोय वूकॉमर्सच्या मूळ पॅकेजमध्ये नाही. त्याला वेगळं एक्स्टेंशन लागतं. आम्ही त्यावर साधा तोडगा काढला : पातळ, मध्यम आणि जाड असे पुस्तकांचे तीन वर्ग केले आणि प्रत्येकाला एक दर दिला. थोडं इकडे तिकडे होतं, पण दर बदलायचा तर तीन आकडे बदलले की झालं.

मराठीची परीक्षा

बनवून देणारे तुम्हाला इंग्रजी नमुना दाखवतात. तुम्ही मराठीत परीक्षा घ्या. अनुभवावरून चार ठिकाणं सांगतो.

पहिलं, बिल. बिलाची पीडीएफ बनवणारी अनेक प्लगइन डॉमपीडीएफ वापरतात आणि त्यात देवनागरी जोडाक्षरं मोडतात, वेलांट्या भलतीकडे जातात. एमपीडीएफ वापरणारं प्लगइन आणि योग्य फॉन्ट असेल तर ती नीट येतात. आपल्या नावाची मोडतोड झालेलं बिल ग्राहकाला गेलं, तर ते वाईट दिसतं.

दुसरं, आकडे. मराठी कीबोर्डवरून कोणी फोन नंबर किंवा पिनकोड देवनागरी अंकांत टाकला तर बहुतेक कार्ट तो चुकीचा ठरवतात. आपला वाचक तिथेच अडतो आणि निघून जातो. एक तर कोणाकडून तरी हे दुरुस्त करून घ्या, नाही तर रकान्यावर स्पष्ट लिहा की आकडे इंग्रजीत टाका.

तिसरं, पत्ता, म्हणजे वेबपानाचा. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह त्यात नऊ जागा खातं. काना-मात्राही मोजल्या जातात. म्हणजे बाविसाव्या चिन्हाला शीर्षक कापलं जातं. पुस्तकाच्या पानाचा पत्ता रोमन लिपीत छोटा ठेवलेला बरा.

चौथं, एसएमएस. इंग्रजीत १६० अक्षरांचा एक एसएमएस, मराठीत ७० चा. 'आपली ऑर्डर मिळाली' हे लांबवून लिहिलं की दोन-तीन एसएमएसचे पैसे पडतात.

आपल्या वाचकांची यादी

कोण काय विकत घेतं, ही यादी फक्त हिशेबाची नसते. आपण विचारांची पुस्तकं विकतो. एखाद्या गावातली मुलगी घरी न सांगता एखादं पुस्तक मागवते. तिचं नाव, पत्ता, फोन आणि पुस्तकाचं नाव आपल्याकडे एका ओळीत असतं. ही अमानत आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायद्याच्या आधी आपली जबाबदारी आहे. खातं न काढता खरेदी करता येऊ द्या. गरज नसलेली माहिती मागू नका. जन्मतारीख आपल्याला कशाला हवी? पूर्ण झालेल्या ऑर्डरींमधली नावं-पत्ते ठरावीक काळाने पुसण्याची सोय वूकॉमर्समध्ये आहे, किती काळाने पुसायची ते हिशेब तपासनिसाला विचारून ठरवा. ती यादी कोणाच्या व्हॉट्सॲपवर फिरता कामा नये.

आणि डोमेन, होस्टिंग, गेटवे ही खाती संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर असू द्या. उत्साही तरुणाच्या नावावर नकोत. उत्साही तरुण बेंगळुरूला जातो, हे मी अनुभवाने सांगतोय.

शेवटी आमचं काय झालं

ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपणार, हे ठरलं तेव्हा आम्हाला हलणं भागच होतं. या वेळी मी सॉफ्टवेअरपासून सुरुवात केली नाही. चाचा आता थकलेत, कार्यालय एक आपा बघतात. त्या बारावी शिकलेल्या आहेत. मी त्यांच्या शेजारी दोन दिवस बसलो आणि त्या काय करतात ते बघितलं. दुसऱ्या एका कामासाठी त्या वर्डप्रेसवर मजकूर टाकायला शिकल्या होत्या. म्हणून वर्डप्रेस, आणि म्हणून वूकॉमर्स. ड्रुपल कॉमर्स तांत्रिकदृष्ट्या कमी नाही. एखाद्या संस्थेत ड्रुपल जाणणारी टीम असेल तर तेच घ्यावं. आमच्याकडे ती नव्हती. प्लगइन मोजून सहा ठेवली. गेटवेची जोडणी गेटवे कंपनीने स्वतः बनवलेली घेतली, माझ्या हाताची एकही ओळ त्यात नाही. पहिल्याच दिवशी पुस्तकांची आणि ऑर्डरींची यादी सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढून बघितली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितली. दर रविवारी बॅकअप होस्टिंगच्या बाहेर जातो, आणि तीन महिन्यांतून एकदा तो परत उभा राहतो का, हे तपासतो. जुन्या साइटवरच्या पेंडिंग ऑर्डरी गेटवेच्या हिशेबाशी जेवढ्या मिळाल्या तेवढ्या ताडून त्या लोकांना फोन केले. काहींचे नंबर बदलले होते.

२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. आमचा टपालखर्च बदलला. जुन्या साइटवर हे काम माझ्याशिवाय झालंच नसतं. या वेळी मला ते दहा दिवसांनी, बोलता बोलता कळलं. आपांनी तीन आकडे बदलले होते आणि एक ऑर्डर स्वतः टाकून तपासलंही होतं. मला फोन करायची त्यांना गरज पडली नाही.

तर कार्ट कोणतं घ्यावं? वर्डप्रेस असेल आणि आठवड्याला दोन तास देणारा माणूस असेल तर वूकॉमर्स. माणूसच नसेल तर भाड्याचं दुकान. ऑर्डरी मोजक्या असतील तर फॉर्म आणि क्यूआर. पण निर्णय घ्यायच्या आधी तुमच्या कार्यालयात जो माणूस रोज पार्सलं बांधतो, त्याला या चर्चेत बसवा. आज तो इथे आला नसेल तर घरी जाऊन त्याची वही मागून बघा.

चाचांची वही बंद झाली नाही. आपा रोज संध्याकाळी स्क्रीनवरच्या ऑर्डरी, गेटवेचा हिशेब आणि वही, तिन्ही जुळवून मगच कुलूप लावतात. मी आता त्यांना वही बंद करा, असं सांगत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.